अकरा नंबरचं दार

सुताराच्या बायकोनं पाटी टेबलावर आपटली नाही, हलकेच ठेवली. निळ्या पत्र्यावर पांढरा अकरा. चारही स्क्रू तिनं मुठीत धरून आणले होते, तेही शेजारी ठेवले.

"हा नंबर तुमचा तुम्हाला परत," ती म्हणाली. "दुसरा कुठलाही द्या. नाहीतर देऊच नका."

नंबर बदलून मागणारी माणसं नगरपालिकेच्या त्या खोलीला नवी नव्हती. कोणाला आठ लाभत नसे, कोणाला धाकट्या भावाच्या मागचा आकडा अपमानाचा वाटे. रस्त्यांना नावं आणि घरांना नंबर द्यायचं काम ज्या बाईंकडे होतं, त्यांना सगळं गाव पाटीबाई म्हणे. पन्नाशी ओलांडलेल्या, बोलायला कमी, ऐकायला पक्क्या. बदली होऊन इथे आल्यापासून असे कितीतरी अर्ज त्यांनी 'नियमात बसत नाही' म्हणून परत धाडले होते.

पण ही बाई पाटी स्क्रूंसकट उपसून घेऊन आली होती.

"काय त्रास आहे अकराचा?" त्यांनी विचारलं.

"दार वाजतं."

मग तिनं सांगितलं ते असं. ऐन दिवेलागणीला दारावर दोन थापा पडत. दमदार नव्हे, हळू; घरात कोणी झोपलेलं असावं आणि त्याची झोप मोडू नये, अशा. दार उघडावं तर बाहेर कोणी नसे. रोज नाही, पण महिन्यातून एकदा-दोनदा तरी. वर्षानुवर्षं. या आठवड्यात तर रोज. नवरा हसण्यावारी न्यायचा. सासूबाई मात्र अंथरुणातून म्हणत, सिस्टर आली गं, तिला आत घे. इतके दिवस तिनं सोसलं. आता तिची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आणि काल थाप पडली तेव्हा दाराशी नेमकी तीच होती.

"सिस्टर कोण?" पाटीबाईंनी विचारलं, जरी ते नाव त्यांना ठाऊक होतं.

सिस्टर म्हणजे प्रसूतिगृहातली दाई. अर्ध्या गावानं पहिला श्वास तिच्या हातात घेतला होता. तिचं कागदावरचं नाव फार थोड्यांना माहीत. लहानथोर तिला सिस्टरच म्हणत. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका दुपारी ती प्रसूतिगृहातून बाहेर पडली. बंद गल्लीतल्या अकरा नंबरला बाळंतीण अडली आहे, असा फोन आला म्हणून आयाला सांगून गेली. ती परत आलीच नाही. पोलीस अकरा नंबरला, म्हणजे सुताराकडे आले. सुताराच्या घरात तेव्हा कोणीच गरोदर नव्हतं. मग तो फोन सिस्टरनंच कोणाकडून तरी करवला, असं ठरलं. बसमध्ये चढताना कोणीतरी तिला पाहिलं होतं म्हणे. कोणी पाहिलं, हे विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. पंधरा वर्षांची मुलगी मागे टाकून बाई पळून गेली, एवढंच गावाच्या लक्षात राहिलं.

"आम्हीच तिला गिळली असं काही लोकांना अजून वाटतं," सुताराची बायको म्हणाली. "तीही तसंच समजून येत असेल."

ती गेल्यावर पाटीबाईंनी ती पाटी बाजूला सारली नाही. कारण त्याच टेबलावर त्याच सिस्टरचं दुसरं प्रकरण होतं.

बंद गल्लीला नाव नव्हतं. एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला मोकळा प्लॉट आणि भिंत, म्हणून बंद गल्ली. आता नगरपालिकेला ती भिंत पाडून प्लॉटमधून गटाराची लाइन न्यायची होती, आणि गल्लीला रीतसर नावही द्यायचं होतं. गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी सुचवलं होतं की नाव सिस्टरचं द्यावं, आणि टोकाच्या प्लॉटवर तिच्या आठवणीत छोटी बाग ठेवावी. गटार दुसरीकडून न्यावं. गृहस्थ सरकारी मोजणीदार होते, निवृत्त. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. सगळ्या घरांनी संमती दिली.

एकच अडचण होती. जिवंत माणसाचं नाव रस्त्याला देता येत नाही, आणि मेलेल्याचं द्यायचं तर घरच्यांची हरकत नको. घरचं माणूस एकच, मुलगी. ती आता चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. आठवड्यापूर्वी ती या खोलीत येऊन उभ्या उभ्या सांगून गेली होती, की तिची हरकत आहे. आईचं नाव पाटीवर चढलं, की आई मेली असं सरकारच म्हणाल्यासारखं होईल.

त्या संध्याकाळी पाटीबाई स्वतः बंद गल्लीत गेल्या.

*

सुताराचं घर डाव्या हाताला शेवटचं. आत लाकडाच्या भुशाचा आणि रोगणाचा वास. लेक पाठीला उशी लावून खाटेवर बसली होती आणि दाराकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होती. बाहेर उजेड उतरत चालला, तशी गल्ली गप्प झाली. मुलांना हाका मारून आत घेतलं गेलं. त्या प्लॉटकडे तोंड करून संध्याकाळी कोणी बसत नसे, हे पाटीबाईंच्या लक्षात आलं. तिथे गवत माजलं होतं आणि मधोमध पांढऱ्या फुलांचा एक वाफा तेवढा नीट राखलेला दिसत होता.

"मी मागच्या दारानं बाहेर जाते," त्या म्हणाल्या. "भुतं पुढच्याच दाराची असतात."

सुताराच्या बायकोनं मागची कडी काढून दिली.

घराला वळसा घालून त्या कोपऱ्याशी थांबल्या. ओसरीलगत सुतारानं फळ्यांची उंच चळत रचली होती. अंधूक उजेडात एक बाई गल्लीतून चालत आली. पायरी चढली. दोनदा थाप मारली. मग कपाळ दाराला टेकवून उभी राहिली, आतला आवाज ऐकत असल्यासारखी. आत कडी वाजली, तशी ती झटकन फळ्यांच्या आड झाली. तिथे पाटीबाई उभ्या होत्या.

चष्म्याच्या दुकानातली मुलगी. सिस्टरची लेक.

"मी कोणाला त्रास द्यायला येत नाही," ती पुटपुटली. "आई या दाराशी आली होती. तिच्याबद्दल मला एवढंच माहीत आहे. कधी फार आठवण आली की येते, नावाचं निघाल्यापासून तर रोज. दार वाजवते, आणि कोणी उघडायच्या आत धीर सुटतो."

"कसला धीर?"

"ती इथे नाही, हे पुन्हा ऐकायचा."

पाटीबाईंनी तिचा हात धरला आणि तिला पुढच्या दारानं आत नेलं. सुताराची बायको आधी घाबरली, मग संतापली, आणि दोन्ही करून झाल्यावर तिनं मुलीला खुर्ची दिली. इतक्या वर्षांचं भूत समोर बसून पाणी पीत होतं, आणि त्याला चष्मा होता. खाटेवरची लेक आधी हसली, मग रडली.

त्या रात्रीपुरती भीती संपली. पण पाटीबाईंची सुरुवात तिथे झाली. मुलीच्या देखत त्यांनी सुताराच्या बायकोला त्या दिवसाबद्दल विचारलं. पोलीस आले तेव्हाचं काय आठवतं?

आठवायला फार नव्हतं, असं ती म्हणाली. तेव्हाचे फौजदार दारात उभे राहिले, उलटसुलट विचारू लागले. बोलता बोलता भिंतीला टेकले आणि त्यांच्या बाहीला निळा रंग लागला. तिनंच रॉकेलचा बोळा आणून पुसून दिला. त्याही परिस्थितीत तिला हसू आलं होतं, म्हणून लक्षात राहिलं.

"कसला रंग?"

"नंबरचा. तेव्हा पत्र्याच्या पाट्या नव्हत्या, भिंतीवरच घालायचे. पेंटर त्याच दिवशी सकाळी येऊन गेला होता."

पाटीबाई सावकाश म्हणाल्या, "म्हणजे त्या सकाळपर्यंत हे घर अकरा नव्हतं."

"नव्हतंच. आम्ही पाच."

"शेवटचं घर, आणि पाच?"

जुने नंबर रांगेनं नव्हतेच, तिनं सांगितलं. जे घर आधी बांधलं त्याला आधीचा आकडा. गल्लीत घरं इथे एक, तिथे एक अशी उठली, तसे नंबरही इकडे तिकडे. बाहेरच्या माणसाचा गोंधळ व्हायचा, म्हणून नगरपालिकेनं डावीकडे विषम, उजवीकडे सम असे नवे घातले.

मुलीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. ती म्हणाली, "मग मी इतकी वर्षं कोणाचं दार वाजवत होते?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीबाई टेप घेऊन गल्लीत हिंडल्या. गटाराच्या कामासाठी मोजमाप चाललंय, असं वाटू दिलं. दारांच्या वरच्या दगडी पट्टीवर जुने आकडे कोरलेले होते. कुठे चुन्याखाली, कुठे मनीप्लांटच्या वेलामागे. बोटानं चाचपले तरी कळत. फक्त उजव्या हाताच्या शेवटच्या घराची पट्टी गुळगुळीत होती. तेवढ्याच भागावर कोणीतरी सिमेंटचा हात फिरवला होता. दाराशेजारी नव्या दहा नंबरची पाटी होती. सुताराच्या बरोबर समोरचं आणि मोकळ्या प्लॉटला चिकटून असलेलं ते घर मोजणीदारांचं.

मोजणीदारांनी त्यांना आग्रहानं आत बोलावलं. उंच, ताठ, पांढरे केस नीट बसवलेले. सून चहा घेऊन आली. ही सून सासऱ्यांकडे एकटीच राहायची. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता आणि क्वचितच यायचा. त्यांना मूल नव्हतं. ही सगळी माहिती आदल्या संध्याकाळी सुताराच्या बायकोनं न विचारता पुरवली होती.

नंबर बदलले तेव्हा मदत केल्याचं मोजणीदारांनी आपण होऊन सांगितलं. टेपचं एक टोक त्यांनीच धरलं होतं.

"ही गल्लीच का निवडलीत, काका?" पाटीबाईंनी विचारलं. "सिस्टर प्रसूतिगृहामागे राहायच्या. त्या रस्त्यालाही नाव नाही, आणि तो चांगला मोठा आहे."

"मोठ्या रस्त्यांना मोठी माणसं मिळतात. तिला छोटी गल्ली पुरे."

"प्रस्तावात तुम्ही दिवंगत म्हटलंय."

"इतक्या वर्षांनी कोण परत येतं?"

"मुलीला वाटतं, येतील."

मोजणीदार खिडकीतून प्लॉटकडे पाहत होते. खालच्या आवाजात ते म्हणाले, "तिला समजावा. वाट बघणं वाईट. सुटू द्या दोघींना."

सुनेच्या हातातली बशी वाजली. तिनं ती लगेच दुसऱ्या हातानं दाबून धरली.

मग पाटीबाईंनी प्लॉटचा विषय काढला. मोकळ्या जागेलाही पुढच्या घरासाठी आकडा राखून ठेवतात. इथे बारा येईल. मोजणीदारांचं म्हणणं होतं की बारा ठेवूच नये, उजवी बाजू दहावरच संपवावी. तिथे घर होणार नाही. होऊ देऊ नये. तो वाफा त्यांनीच राखला होता. खिडकीतून तो सरळ दिसत होता: लांबट, चारही कोपरे काटकोनात.

सून फाटकापर्यंत सोडायला आली. कडी काढताना ती एकदम म्हणाली, "सिस्टरचे हात फार गरम होते. थंडीनं माझी बोटं वाकडी झाली होती, तरी त्यांचे गरमच." आणि पुढे काही विचारायच्या आत वळून आत गेली.

पाटीबाई गल्लीच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा थबकल्या. दाईचे हात कसे होते, हे त्या घरातल्या बाईला कुठून माहीत?

प्रसूतिगृहातली म्हातारी आया अजून होती, लेकाकडे राहत होती. फोन तिनंच घेतला होता. काय निरोप होता, हे तेव्हा पोलिसांनी विचारलं. शब्द काय होते, हे कोणी विचारलं नव्हतं. पाटीबाईंनी विचारलं. आयाला आठवायला वेळ लागला नाही. पुरुषाचा आवाज होता, तरण्या माणसाचा. नाव सांगेना. बोलला एवढंच: 'बंद गल्लीत अकरा नंबर. सिस्टरला कळेल.'

आणि सिस्टरला कळलं होतं.

आताचे फौजदार तरुण होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कानामागे पेन अडकवलं. सिमेंटचा एक हात आणि एका बाईची गरम हातांची आठवण, एवढ्यावर एका प्रतिष्ठित माणसाच्या शेजारची जमीन खणायची कशी, असा त्यांचा सवाल होता. तो रास्त होता. पाटीबाईंनी त्यांना सांगितलं की नावावरच्या हरकतीची सुनावणी शुक्रवारी आहे, आणि ती जागेवरच घेता येते. साध्या कपड्यांत या.

*

शुक्रवारी सकाळी प्लॉटच्या कडेला खुर्च्या मांडल्या. गल्लीतल्या घराघरांतून माणसं आली. सिस्टरची मुलगी सुताराच्या बायकोशेजारी बसली होती. मोजणीदार पहिल्या रांगेत. सून मागे, भिंतीला टेकून उभी. फौजदार गटाराच्या ठेकेदारासारखे एका कडेला होते.

पाटीबाईंनी आवाज चढवला नाही. नाव द्यायच्या आधी घरांची ओळख पक्की करायची आहे, असं त्या म्हणाल्या. नवे नंबर पाटीवर आहेतच. प्रत्येकानं आपला जुना नंबर तेवढा सांगावा.

लोकांना गंमत वाटली. गल्लीच्या तोंडाकडून सुरुवात झाली. एक. चार. दोन. एका घरात नवे भाडेकरू होते, ते धावत जाऊन पट्टी चाचपून आले: आठ. शिंपी म्हणाला तीन, आणि त्याची आई म्हणाली की तीनदा छप्पर घालूनही घर पावसाळ्यात गळतं ते गळतंच. हशा झाला. सात, सहा, दहा, नऊ. सुताराची बायको म्हणाली, पाच.

राहिलं होतं एकच घर.

"काका, तुमचा?"

"आठवत नाही," मोजणीदार म्हणाले.

"सगळ्यांना आठवतंय. तुम्ही तर आयुष्यभर आकड्यांतच काम केलंत."

"बाई, मुद्द्यावर या."

"हाच मुद्दा आहे," पाटीबाई म्हणाल्या. "एकपासून दहापर्यंत सगळे सापडले. गल्लीत घरं अकरा. नंबर बांधणीच्या क्रमानं होते, आणि तुमचं घर सगळ्यांत शेवटी झालं. तुमच्या पट्टीवरचा आकडा सिमेंटखाली आहे. पण तो फोडायची गरज नाही. जुना अकरा नंबर म्हणजे तुमचं घर."

सिस्टरची मुलगी उभी राहिली होती. पाटीबाई तिच्याकडे पाहूनच पुढचं बोलल्या.

"त्या दिवशी सकाळी भिंतींवर नवे आकडे चढले. दुपारी एका घाबरलेल्या तरुणानं प्रसूतिगृहाला फोन केला. त्याच्या तोंडात जुनाच नंबर होता. नाव सांगायची त्याला लाज वाटत होती, म्हणून म्हणाला, सिस्टरला कळेल. सिस्टर या गल्लीतलं प्रत्येक दार जुन्या नंबरानं ओळखत होती. ती भिंतीवरचा ओला रंग बघत बसली नाही. सरळ योग्य घरी गेली. संध्याकाळी फौजदार आले, ते नव्या अकराला गेले. तिथे कोणी गरोदर नव्हतं. म्हणून सिस्टर खोटी ठरली. त्या फौजदारांना अकरा नंबर कोणता, हे गल्लीत कोणी दाखवलं?"

शिंप्याच्या आईनं हळूच बोट वर केलं आणि मोजणीदारांकडे वळवलं. तेव्हा ती ओट्यावरच बसली होती. "ह्यांनीच. म्हणाले, तो काय समोर, भिंतीवर लिहिलंय."

"ते खोटं नव्हतं," मोजणीदार म्हणाले.

"नव्हतं. म्हणूनच इतकी वर्षं टिकलं," पाटीबाई म्हणाल्या. "नंबर बदलले हे तुम्हाला सगळ्यांआधी माहीत होतं, टेप तुम्हीच धरली होतीत. सिस्टर खरी कुठे गेली हेही माहीत होतं; म्हणून फौजदार चुकताहेत हे कळणारे गल्लीत तुम्ही एकटे होतात, आणि तुम्ही त्यांना चुकू दिलंत. मग बसची आवई उठली. सगळं निवलं. आता गटार इथून जाणार म्हटल्यावर तुम्हाला एकदम सिस्टरची बाग सुचली. जिथे ती राहत नव्हती, जिथे तिचं काम नव्हतं, त्या जागेवर. तिथे खणू नये, घर होऊ नये, आकडासुद्धा राखू नये. आणि ज्या बाईला गाव पळून गेलेली समजतं, तिला दिवंगत म्हणणारे पहिले तुम्हीच."

मोजणीदार मंद हसले. "तुमचं गणित छान आहे. पण आमच्या घरात मूल नाही. दाई कशाला येईल?"

"आली होती."

मागून सून बोलली. भिंत सोडून ती पुढे आली. तिचा आवाज सपाट होता, बरेच दिवस न वापरलेल्या खोलीसारखा.

"मला सातवा संपत आला होता. अंगावरचे वळ दिसतील म्हणून मला घराबाहेर सोडत नसत, त्यामुळे गल्लीत ते कोणाला ठाऊक नव्हतं. ह्यांच्या मुलानं मला जिन्यावरून ढकललं. कशावरून ते आठवत नाही, क्षुल्लक काहीतरी होतं. सिस्टर आल्या. बाळ गेलेलंच आलं. माझ्या दंडावरचे वळ त्यांनी पाहिले, आणि मामंजींना म्हणाल्या की हे मी स्वतः पोलिसांत सांगणार. मग मी शुद्धीत नव्हते. दुसऱ्या दिवशी मला भावाकडे नेऊन ठेवलं. वर्षानं परत आणलं, तेव्हा सांगितलं की सिस्टर आपल्याकडून गेली ती बसमध्ये बसून पळाली. आपल्या घरची अब्रू म्हणून गप्प राहा. मी गप्प राहिले."

"कोणाला सांगितलं का नाही?" फौजदारांनी विचारलं. ते ठेकेदार नाहीत, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

"पोलीस समोर गेले," ती म्हणाली. "मला कोणी विचारलंच नाही."

मोजणीदार इतका वेळ ताठ बसले होते. त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. वाफ्यातली फुलं वाऱ्यानं हलत होती, आणि सगळी गल्ली तिकडेच बघत होती.

"मी मारलं नाही," ते म्हणाले. "जिन्यात वाट अडवली. ती हात सोडवायला गेली आणि खाली पडली."

"लगेच गेल्या?" पाटीबाईंनी विचारलं.

फौजदारांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"दिवेलागणीपर्यंत श्वास होता," मोजणीदार म्हणाले. "डॉक्टर आणला असता तर सगळं बाहेर आलं असतं. मुलाचं आयुष्य होतं. मी शेजारी बसून राहिलो."

सिस्टरची मुलगी किंचाळली नाही. ती खाली बसली, आणि सुताराच्या बायकोनं तिला दोन्ही हातांनी धरलं.

*

दुपारी वाफा खणला. फौजदारांनी गल्ली रिकामी केली होती, तरी दारांच्या फटींतून डोळे होतेच. सिस्टर फार खोल नव्हती. तिच्या एप्रनमध्ये गुंडाळलेलं बाळ तिच्याशेजारीच ठेवलेलं होतं. ते तिथे आहे, हे सुनेलाही ठाऊक नव्हतं. नवरा ते घेऊन गेला आणि सगळं रीतीनं झालं, असं तिला सांगितलेलं होतं. मोजणीदार गाडीत बसताना तिच्याकडे एकदा वळले. तिनं पाहिलं नाही. मुलाला दोन दिवसांनी त्याच्या नोकरीच्या शहरातून आणलं. त्यानं बापावर ढकललं, आणि बापानं ते आपल्यावर घेतलं. कोर्टानं मात्र दोघांनाही सोडलं नाही.

गटाराची लाइन आली, भिंत पडली, आणि बंद गल्ली बंद राहिली नाही. तिच्या नावाचा प्रस्ताव पाटीबाईंनी रद्द केला. सुताराचा नंबर बदलला नाही. लेकीला मुलगा झाला आणि नंबराचं कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

पुढच्या वर्षी सिस्टरच्या मुलीनं स्वतः नगरपालिकेत येऊन संमती दिली, दुसऱ्या रस्त्यासाठी. प्रसूतिगृहाच्या दारावरून जाणाऱ्या. पाटी बसवताना भाषणं नकोत, असं तिनं सांगितलं. माणूस शिडीवर चढला, चार स्क्रू पिळले, उतरला. सिस्टर मार्ग. खाली रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, आणि प्रसूतिगृहाच्या खिडकीत एक बाप्या बाळाला उजेडात धरून त्याचं नाक कोणासारखं आहे ते ठरवत होता.

मोजणीदारांची सूनही आली होती. मुलीनंच बोलावलं होतं. दोघी पाटीखाली जरा अंतर ठेवून उभ्या राहिल्या. इतक्या महिन्यांत त्या एकमेकींशी चार वाक्यंही बोलल्या नव्हत्या.

"आई शेवटी काय म्हणाली?" मुलीनं विचारलं. "पोलिसांना सांगितलंत ते नको. तुम्हाला म्हणाली ते."

सुनेनं वर पाटीकडे पाहिलं.

"मी त्यांचा हात सोडत नव्हते," ती म्हणाली. "फार घट्ट धरला होता, त्यांना लागत असणार. तर म्हणाल्या, घाबरू नकोस गं. तुला टाकून मी कुठेही जायची नाही."

मुलीनं चष्मा काढला. काचा ओढणीनं पुसल्या, पुन्हा पुसल्या. मग म्हणाली, "परत एकदा सांगा."

सुनेनं परत सांगितलं.